बबनमामाचं वाकडं काम

फोन आला तेव्हा मी कंपनीत तपासणीच्या टेबलाशी उभा होतो. समोर झाकणांची रास, हातात माप घ्यायचं व्हर्निअर, आणि मी नेहमीसारखं कपाळाला आठ्या घालून एकेक झाकण नापास करत होतो. माझं कामच ते. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत गेली पाच-सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या हातून झालेल्या चुका शोधून काढतो आणि त्याचा पगार घेतो. मोबाइलवर वैशालीचं नाव दिसलं. वैशाली माझी मामेबहीण. ती कामाच्या वेळात कधी फोन करत नाही, हे ठाऊक असूनही मी हातातलं झाकण मोजून संपवलं, त्यावर लाल खूण केली आणि मगच फोन घेतला. "दादा, पप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "कधी?" जणू वेळ कळली असती तर मला काही करता येणार होतं... "आत्ताच. चहा मागितला होता. मम्मी कप घेऊन आली तर..." मी व्हर्निअर पुसून डबीत ठेवलं, सुपरवायझरला सांगितलं आणि रिक्षाने उल्हासनगरला निघालो. वाटेत रडू आलं नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती, की आता सांगायचं राहिलं ते राहिलंच.

बबनमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. उल्हासनगरच्या भांडीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचा गाळा होता. गाळा कसला, दोन लेथ आणि एक पंखा मावेल एवढी खोली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली लाकडी फर्म्यांची, म्हणजे साच्यांची, रांग, आणि कोपऱ्यात पत्र्याच्या कातरणीचा ढीग. तो स्पिनिंगचं काम करायचा. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्याची गोल चकती घ्यायची, तिच्या मधल्या होलमध्ये फर्म्याची खुंटी बसवायची, मागून दाब देऊन घट्ट धरायची आणि लेथ सुरू करायचं. मग एक लांब दांडा काखेत धरून, त्याच्या टोकाच्या रोलरने फिरत्या पत्र्यावर हळूहळू दाब देत जायचं. चपटी चकती बघता बघता फर्म्यावर बसत जाते आणि पातेलं होऊन निघते. मामाने अशी किती पातेली, चाळण्या, दिव्यांच्या टोप्या आणि नरसाळी काढली असतील याचा हिशेब नाही. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा भरलेला होता. शर्ट शिवताना शिंपी दर वेळी कुरकुरायचा.

गोल काम करणारे त्या गल्लीत पाच-सहा जण होते. पण मामाची खासियत वेगळी होती. जे गोल नाही ते काढायचं. लंबगोल, एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ, तोंड तिरकं असलेलं... गल्लीत त्याला 'टेढा काम' म्हणत आणि आमच्या घरात वाकडं काम. हे नाव शेजारच्या लछमनभाईंचं. लछमनभाई सिंधी, हॉटेलांना लागणाऱ्या भांड्यांचे व्यापारी, आणि मामाचे दिवसातून चार वेळा चहाचे सोबती. एकदा ते कुठल्याशा जुन्या हॉटेलातलं लंबगोल झाकण घेऊन आले. "बबनभाई, ये टेढा है. पूरा मार्केट घूम आया, कोई हाथ नहीं लगाता. आपसे होगा तो बोलो, नहीं तो मैं भंगार में डालता हूं." मामाने ते झाकण ठेवून घेतलं. आठवडाभर जेवताना समोर ठेवायचा आणि त्याच्याकडे बघत घास घ्यायचा. मामी म्हणायची, "माझ्याकडं कधी एवढं बघितलं नाय."

अडचण अशी होती की लेथ वेगाने फिरतं. गोल वस्तूत रोलर एका जागी धरला तरी चालतो, कारण कड सगळीकडून सारख्याच अंतरावर असते. लंबगोलाचं तसं नाही. लांब बाजू आली की रोलर बाहेर घ्यायचा, आखूड बाजू आली की आत, आणि हे प्रत्येक फेऱ्याला. मोटरच्या वेगापुढे माणसाचा हात कुठे टिकणार? मामाने एक दिवस सरळ मोटरचा पट्टा काढून टाकला. लेथच्या मागच्या बाजूला शेवया करायच्या यंत्राला असते तशी मोठी मूठ लावलेलं चाक बसवलं आणि मामीला म्हणाला, "कमल, ये, फिरव." कमलमामी वांगणीच्या पलीकडच्या डोंगरातली, लहानपणापासून भात कांडलेली आणि दळण दळलेली बाई. ती चाकाशी उभी राहिली. चाकावर खडूची एक रेघ होती. रेघ वर आली की मामी "हं" म्हणायची आणि मामा रोलर बाहेर घ्यायचा. हं... हं... हं... हळूहळू पत्रा वळायचा. गल्लीतले लोक दारात उभे राहून हसायचे. "नवरा-बायको जात्यावर बसलेत," म्हणायचे. हसणारे हसले, पण झाकण निघालं. लछमनभाईंनी ते जुन्या झाकणाशेजारी ठेवलं आणि भाव न करता पैसे मोजले. त्यांच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट होती.

पुढे चार-पाच वर्षं हे वाकडं काम बऱ्यापैकी चाललं. मामी सकाळचा स्वयंपाक आटोपून डबा घेऊन गाळ्यात यायची आणि दुपारपर्यंत चाक फिरवायची. एरवी दोघांत फार गोडीगुलाबी नव्हती. मीठ कमी पडल्यावरून भांडायची, पाहुण्यांवरून भांडायची. पण चाकापाशी उभी राहिली की दोघं एका माणसासारखी. मामीने "हं" म्हणायच्या आधीच मामाचा खांदा हलायचा. मी कधीमधी जायचो तेव्हा ते बघून मला उगाचच लाजल्यासारखं व्हायचं.

मी तिथे नुसता बघायला जायचो, हे मुद्दाम सांगतो. मामाने मला त्या लेथला कधी हात लावू दिला नाही. तो स्वतः सातवीपर्यंत शिकलेला. आमच्या दोन्ही घरांत शिकलेल्या माणसाचा मान मोठा. आजोबांनी गाव सोडलं ते पोरांनी शिकावं म्हणून, हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की पाठ झालं होतं. मी डिप्लोमा झालो तेव्हा मामाने गल्लीभर पेढे वाटले आणि लछमनभाईंना सांगितलं, "हमारा मिलिंद इंजिनीअर हो गया." मी दांडा उचलायला गेलो की ओरडायचा, "ठेव खाली. हात काळे करायला आम्ही आहोत. तू कागदावर कर, कागदावर." मीही सुखाने कागदावरच करत राहिलो. शिकलेल्या माणसाचं ऐकायचं, त्याला चारचौघांत खाली बघायला लावायचं नाही, हा त्याचा नियम होता. त्या नियमाचा फायदा मला आयुष्यभर मिळाला. एकदा तर इतका मिळाला की...

दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. मी कंपनीत नवीनच होतो, अजून कायम झालो नव्हतो. आमच्याकडे औषध कंपन्यांसाठी यंत्रं बनतात. त्यातल्या एका यंत्रावर पूड उडू नये म्हणून ॲल्युमिनिअमचा एक हुड बसवायचा होता. वरती पाइपासाठी भोक, खाली लंबगोल तोंड, आणि एक बाजू दुसरीपेक्षा बरीच खोल. प्रेसची डाय, म्हणजे लोखंडी साचा, बनवायची तर नग थोडे, परवडणारं नव्हतं. जोडून वेल्डिंग करायचं तर आत सांधा राहतो आणि सांध्यात पूड अडकते. बैठकीत सगळे ड्रॉइंग उलटसुलट करून बघत होते. मी म्हटलं, "सर, माझे मामा करतील." मॅनेजरनी चष्म्यावरून बघितलं. "हाताने?" "हो सर, हाताने."

मामाने नमुना म्हणून एक हुड काढून दिला. मी तो टेबलावर ठेवून सगळीकडून मोजला. जाडी सगळीकडे जवळपास सारखी, खोल बाजूलासुद्धा. एकही सुरकुती नाही. मॅनेजर खूश झाले. म्हणाले, काम द्यायला हरकत नाही, नेहमीचंच होईल, पण एकदा माझ्या डोळ्यांसमोर पाच नग काढून दाखवू दे. मामाला सांगितलं तर तो नुसता हसला. त्या दिवसांत गोल भांड्यांचं काम कमी होत चाललं होतं. तयार प्रेसची भांडी आणि प्लास्टिक यांनी बाजार भरला होता. हे काम मिळालं असतं तर त्याला पुन्हा गोल पातेल्यांच्या मागे धावायला लागणार नव्हतं. आयुष्यभर ज्या कामाला लोक हसले ते काम कंपनीच्या कागदावर चढणार होतं. त्याने घरी सांगून टाकलं, "मिलिंदच्या कंपनीचं काम आपल्याकडे येतंय." मामीने गाळा धुऊन घेतला.

मॅनेजर येणार त्याच्या आदल्या दिवशी मी गाळ्यात गेलो. मामा कुणाचं तरी लग्न जमवायला बदलापूरला मांजर्लीत गेला होता. मामी एकटीच होती. टेबलावर उद्यासाठी कापलेल्या पाच चकत्या होत्या. खिशात टेप होतीच, सवयीने मापं घेतली. खुंटीचं होल मधोमध नव्हतं. चांगलं बाजूला सरकलेलं होतं. पाचही चकत्यांत तेच. मला वाटलं, मामाचं वय झालं, नजर गेली, किंवा होल पाडायचा पंच सरकला असेल. उद्या मॅनेजर मोजतील आणि पहिल्याच चकतीला नाक मुरडतील. मी पाचही चकत्या उचलल्या. मामी म्हणाली, "थांब ना, ते आले की विचार त्यांना." मी म्हटलं, "त्यात काय विचारायचं मामी? दिसतंय ना." कंपनीच्या टूलरूममध्ये मी नव्या पाच चकत्या कापून घेतल्या, अगदी केसाच्या फरकाने मधोमध होल पाडलेल्या. जुन्या भंगारात टाकल्या. आणि त्या रात्री, सांगायला लाज वाटते, मला फार शांत झोप लागली.

पाचही चकत्यांत होल मध्यापासून एकाच अंतरावर सरकलेलं होतं. चूक कधी इतकी नीट नसते. ही गोष्ट मला, चुका शोधायचा पगार घेणाऱ्याला, तेव्हा दिसायला हवी होती. दिसली नाही, कारण मी ड्रॉइंगमधली मधली रेघ बघत होतो, मामाचं काम बघत नव्हतो.

सकाळी मी मॅनेजरबरोबरच कंपनीच्या जीपमधून गेलो. मामाने नवा शर्ट घातला होता. हात जोडून "या साहेब" म्हणाला. मी चकत्या त्याच्या हातात दिल्या. त्याने पहिली चकती उचलली, होलात करंगळी घातली आणि दुसऱ्या हाताने कडेपर्यंत चाचपून बघितलं. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. मग माझ्याकडे बघितलं. मी मॅनेजरना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मामा, होल बाजूला गेलं होतं. मी सेंटरला घेऊन आणलंय. आता टेन्शन नाही." मॅनेजर म्हणाले, "व्हेरी गुड." चाकापाशी उभी असलेली मामी म्हणाली, "अवो, पण..." मामाने तिच्याकडे न बघता हात वर केला आणि ती थांबली. तो मला म्हणाला, "बरं."

त्याने चकत्या तापवायला घेतल्या. पत्रा मऊ व्हावा म्हणून त्यावर साबणाच्या रेघा ओढून खालून आच द्यायची, रेघ काळी पडली की पत्रा तयार. पाचही चकत्यांवर रेघा छान काळ्या पडल्या. मग त्याने पहिली फर्म्यावर लावली. मामीने चाक फिरवायला सुरुवात केली. मी इतकं हळू काम करताना त्याला कधी पाहिलं नव्हतं. कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो रोलर जणू पत्र्याला विनवत पुढे नेत होता. उथळ बाजू बसली. तिथे पत्रा शिल्लक राहून झालर झाली. खोल बाजू मात्र पुरेना. कड जवळ आली, पत्रा ताणला गेला आणि शेवटच्या दोन बोटांत टर्रकन फाटला. मामाने तुकडा काढून बाजूला ठेवला. दुसरीही तिथेच फाटली. तिसरी आणखी हळू... तीही तिथेच. चौथी त्याने लावलीच नाही. दांडा भिंतीला टेकवून ठेवला, शर्टाला हात पुसले आणि मॅनेजरना म्हणाला, "साहेब, तापवायला कमी पडला पत्रा. चूक माझी आहे." मॅनेजर म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. हाताच्या कामात असं व्हायचंच." मामी चाकाची मूठ धरून माझ्याकडे बघत होती. मी फाटलेल्या तुकड्याकडे बघत होतो.

त्या संध्याकाळी मी बदलापूरला, शिरगावातल्या माझ्या खोलीवर, तो आधीचा नमुना घेऊन बसलो. एक दोरा घेतला. वरच्या भोकापासून खोल बाजूच्या कडेपर्यंत लावून मोजला. मग उथळ बाजूला. दहा मिनिटांत सगळं उघडं पडलं. खोल बाजूला पत्रा जास्त लागतो, उथळ बाजूला कमी. म्हणून मामाने होल सरकवून पाडलं होतं, ज्या बाजूला जास्त हवं त्या बाजूला आधीच जास्त ठेवलं होतं. दहावीच्या पोराला समजावं इतकं सरळ. मी मध्यावर होल पाडून त्याच्या हातातला पत्रा काढून घेतला होता आणि त्याने जेवढा उरला तेवढ्यावर, चारचौघांसमोर, तीन वेळा प्रयत्न करून बघितला. आणि मग माझी चूक आपल्या नावावर घेतली.

सोमवारी मॅनेजरना सांगायचं असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. गाडीत बसून वाक्यही जुळवलं होतं. पण मी तोंड उघडायच्या आत मॅनेजरच म्हणाले, "मामा आहेत ना तुझे? वाईट वाटून घेऊ नकोस. आपण दुसरीकडे बघू." मी म्हणालो, "हो सर." दोन शब्द. त्या महिन्यात माझं कायम होण्याचं पत्र निघायचं होतं, हे कारण आहे, सबब नाही. कारण पत्र निघाल्यावरही मी गप्पच राहिलो. हुड दुसरीकडून दोन तुकड्यांत जोडून आले, आत सांधा राहिला, ते मी तपासले आणि पास केले. मामाकडे जाऊन माफी मागायची तर आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत दिवाळी आली, मग कुणाचं लग्न आलं, मग वैशालीची परीक्षा. आम्ही भेटत होतो, हसत होतो. मी दिसलो की त्याचा "जयभीम इंजिनीअर" पहिल्यासारखाच होता. माझी पाठ तेवढी ताठ राहायची नाही.

वाकडं काम मात्र त्याने बंद केलं. लछमनभाईंनी एकदा विचारलं तर म्हणाला, "अब हाथ नहीं बैठता." मामी गाळ्यात यायची थांबली. तो एकटाच जी काय गोल कामं मिळतील ती करत राहिला. वस्तीतल्या लोकांनी मानलं की कंपनीच्या साहेबासमोर बबन घाबरला आणि त्याचा हात गेला. मी हे माझ्या कानांनी ऐकलं आणि चहाचा कप तोंडाला लावला.

शेवटची भेट त्याच्या घरी. छातीचं दुखणं वाढलं होतं, दोन उशा लावून बसला होता. "कंपनीत काय चाललंय?" त्याने विचारलं. मी सांगितलं की आता कॉम्प्युटरवर चालणारं नवं मशीन आलंय, वाकड्या आकाराचा पत्रासुद्धा फिरवून बसवतं, रोलर आपोआप आत-बाहेर होतो. त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले. "चाक कोण फिरवतं?" "मोटर." "आणि आत-बाहेर?" "तेही मोटरच." मग तो म्हणाला, "आणि मिलिंद, त्याला चकती कशी कापतात रे? होल कुठं घेतात?" खोलीत आम्ही दोघंच होतो. मामी आत होती. एवढं दार उघडून त्याने दिलं होतं, आणि मी म्हणालो, "ते कॉम्प्युटरच ठरवतो, मामा." तो म्हणाला, "असं होय," आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, थकला असेल.

मामाला आदरांजली म्हणून ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं, घरातला शिकलेला म्हणून. मी छान बोललो. कष्टाळू, मनमिळाऊ, शांत स्वभावाचे, असे सगळे शब्द वापरले. मामा कष्टाळू होताच, पण मनमिळाऊ वगैरे काही नव्हता, चांगला हट्टी होता. लोकांनी माना डोलवल्या. मामी पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होती, तशीच, चाकाची मूठ धरून बघितलं होतं तशी. त्या दिवसानंतर मला जेवण जाईना.

तीन आठवड्यांनी मी तिच्याकडे गेलो. गाळा सोडायचा होता म्हणून ती तिथेच आवराआवर करत होती. मी दारातच उभा राहून एका दमात सगळं सांगितलं. चकत्या, भंगार, दोरा, सोमवार, "हो सर", सगळं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर चिडेल. ती फर्मे पोत्यात भरत होती, भरत राहिली. मग म्हणाली, "मला काय सांगतो? मी व्हते की तिथं."

"मामाला माहीत होतं?"

"चकती हातात घेतली तेव्हाच."

"मग बोलला का नाही?"

"तुझ्या साहेबासमोर? तुला?" मामीने मान हलवली. "घरी येऊन मी लई भांडले. म्हटलं, जा, सांगा त्याला आत्ताच्या आत्ता. तर म्हणाले, पोरगं हुशार आहे, आज रात्रीपर्यंत त्याचं त्यालाच कळंल. मग येईल विचारायला."

"विचारायला?"

"हा. की मामा, होल किती सरकवायचं, कसं ठरवतोस. मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना आपणहून. तर नाय. म्हणाले, आपण सांगितलं तर त्याला चूक काढल्यावानी वाटंल. त्याला विचारू दे. एकदा विचारलं की सगळं देतो. तो कागदावर उतरवील, मग हे काम ऱ्हाईल." तिने पोत्याचं तोंड बांधलं. "पयल्या वर्षी दर रविवारी वाट बघायचे. नवा शर्ट घालून बसायचे येडे."

मी खाली जमिनीवर बसलो. इतकी वर्षं मी माफीचं ओझं घेऊन त्याच्यापासून तोंड लपवत होतो, आणि त्याला माफी नकोच होती. त्याला एक प्रश्न हवा होता. विचारायला मला पाच वर्षं मिळाली होती. शेवटी तर त्यानेच मला विचारून बघितलं... मी रडलो. मामीने रडू दिलं. पाणी आणून दिलं.

मग मी जे तेव्हा विचारायचं ते आता तिला विचारलं. "मामी, किती सरकवायचं गं ते होल? तुला माहितीय?"

"मला कसं माहीत असंल? मी चाक फिरवायचे." तरी ती विचार करत उभी राहिली. कातरणीच्या ढिगातून एक ॲल्युमिनिअमचा तुकडा तिने ओढून काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "बोटांनी मोजायचे. आधी मधोमध खूण करायचे, मग तिथनं दोन बोटं अशी ठेवायचे... हुडाला दोन. झाकणाला एक. आणि वरती थोडं, नखाएवढं. का अर्ध्या नखाएवढं... पत्रा जाड असला की वेगळं व्हतं." ती थांबली. "तेवढंच बघितलंय."

मी तुकड्यावर मध्य काढला, खूण केली आणि तिच्या सांगण्यासारखी माझी दोन बोटं टेकवली. खिशात टेप होती, पण ती काढून उपयोग काय होता? मामीने वाकून बघितलं. मग माझा हात उचलून आपल्या हातात घेतला, दोन्ही बोटं मुळापासून नखापर्यंत चाचपली आणि परत पत्र्यावर ठेवली.

"तुझी बारीक आहेत रे," ती म्हणाली.